माननीय गोटाबायाजी, आपले उपकार कसे विसरू?

माननीय श्री. गोटाबाया राजपक्षे,
माजी राष्ट्राध्यक्ष, श्रीलंका, यांस



पत्रास कारण की, अडचणीतल्या शेजाऱ्याला कर्ज द्यावे की देऊ नये, हा वाद आमच्याकडे अधूनमधून पेटतो. त्यावर जाडजूड ग्रंथ चाळण्यापेक्षा आपली पावणेतीन वर्षांची कारकीर्द अभ्यासणे अधिक फलदायी, असे आमचे नम्र मत आहे. असा धडा आम्हाला दुसरे कोण देणार होते? त्याची फी तेवढी सव्वादोन कोटी श्रीलंकावासीयांनी भरली.

पहिले आभार आपल्या औदार्याचे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सत्तेवर येताच आपण मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणलात. देश उसनवारीवर चाललेला असताना सरकारचे उत्पन्न आपल्याच हाताने आटवायला फार मोठे मन लागते. पुढे पतमानांकन संस्थांनी देशाची पत घसरवली, परदेशातून नवे कर्ज मिळेनासे झाले आणि करोनाने पर्यटनही बंद पाडले. करोना सगळ्याच देशांत आला, पण त्याच्या आगमनापूर्वीच तिजोरी हलकी करून ठेवण्याची तत्परता आपलीच.

शेतकऱ्यांवरील आपल्या मायेबद्दल किती लिहावे! मे २०२१ मध्ये आपण रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केलीत. सेंद्रिय शेतीत गैर काहीच नाही. पण ती जमिनीत रुजायला वर्षे लागतात, आणि आपण एक हंगामही थांबला नाहीत. भाताचे पीक घसरले, चहाच्या मळ्यांना फटका बसला आणि तांदळात स्वयंपूर्ण असलेल्या देशाला बाहेरून तांदूळ आणावा लागला. चीनहून आलेल्या सेंद्रिय खतात घातक जिवाणू सापडले, म्हणून ते जहाज आपण परत पाठवलेत. खत मिळाले नाही, तरी त्या कंपनीला ६७ लाख डॉलर मात्र पोचते केलेत. व्यवहारातली ही सचोटी दुर्मीळच!

आपल्या कुटुंबवत्सलतेलाही वंदन. थोरले बंधू महिंदा पंतप्रधान, धाकटे बंधू बासिल अर्थमंत्री, आणखी एक बंधू चमल मंत्री, पुतणे नमलही मंत्री. अशा घरगुती मंत्रिमंडळात ‘हे चुकते आहे’ असे म्हणायचे कोणी? नाणेनिधीकडे वेळेत जा, असे बाहेरचे जाणकार सांगत राहिले. आपण मार्च २०२२ पर्यंत त्यांना ताटकळत ठेवलेत.

आता खास आमच्यावरच्या उपकाराविषयी. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईच्या आमच्या रिझर्व्ह बँकेने चलन-अदलाबदलीच्या व्यवस्थेतून श्रीलंकेला ४० कोटी डॉलर दिले. त्याच महिन्यात आपल्या सरकारने मुदत भरलेल्या रोख्यांचे ५० कोटी डॉलर रोखेधारकांना चुकते केले. पैसा तिजोरीत शिरला की तो कुठल्या दाराने बाहेर जाईल, हे देणाऱ्याच्या हाती राहत नाही. हा धडा आम्हाला आपण दिलात. त्याबद्दल शतशः ऋणी आहोत.

कारण मार्च संपत आला, तेव्हा पेरादेनियाच्या रुग्णालयात औषधांअभावी ठरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या होत्या. कागद नाही म्हणून पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या परीक्षा पुढे गेल्या. वीज दिवसातून १३ तास जाऊ लागली. पेट्रोलच्या रांगांत उभी माणसे मेली. तमिळ कुटुंबे लेकरांना घेऊन होडीने धनुष्कोडीच्या वाळूत उतरली. महोदय, या ओळींत आभार मानण्याचे नाटक माझ्याच्याने होत नाही.

१२ एप्रिलला आपल्या सरकारने सुमारे ५१ अब्ज डॉलरच्या परकीय कर्जाचे हप्ते थांबवले. मे महिन्यात नव्या अर्थमंत्र्यांनी सांगितले की वापरण्याजोगी गंगाजळी ५ कोटी डॉलरही उरलेली नाही. आपण सत्तेवर आलात त्या वर्षअखेरीस ती ७.६ अब्ज डॉलर होती. एवढी गंगाजळी एवढ्या वेगाने रिती करणे येरागबाळ्याचे काम नव्हे.

तरीही भारताने कर्ज दिले, आणि योग्यच केले. त्या वर्षी एकंदर मदत सुमारे ४ अब्ज डॉलरची झाली. पण तिचा मोठा भाग वेगळ्या वाटेने गेला. इंधनासाठी ५० कोटी डॉलर एक्झिम बँकेमार्फत, अन्नधान्य आणि औषधांसाठी १ अब्ज डॉलर स्टेट बँकेमार्फत, शिवाय युरियासाठी वेगळी कर्जरेषा. यात रोकड कोलंबोच्या तिजोरीत जात नव्हती. माल विकणाऱ्याला पैसे मिळत होते आणि बंदरात डिझेल, तांदूळ, औषधे उतरत होती. आपण बंदी घातलेले खतसुद्धा आम्हीच उधारीवर पाठवले.

‘आपलेच लोक उपाशी, मग शेजाऱ्याला कशाला?’ असे विचारणाऱ्या आमच्या बांधवांनी १९९१ आठवावे. त्या वर्षी याच रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण ठेवले, तेव्हा आमचा देश सावरला. शिवाय भारताच्या कितीतरी मालाची चढउतार कोलंबो बंदरात होते. तिथली उपासमार समुद्र ओलांडून आमच्या किनाऱ्यावर येतेच. शेजार बदलता येत नाही.

जाता जाता आपल्या निरोप समारंभाचेही कौतुक. ९ जुलैला जनता आपल्या निवासस्थानी आली, १३ जुलैला आपण हवाई दलाच्या विमानाने मालदीवला गेलात आणि सिंगापूरहून ई-मेलने राजीनामा धाडलात. आंदोलकांना आपल्या घरात १ कोटी ७८ लाख श्रीलंकन रुपयांची रोकड सापडली. त्यांनी ती पोलिसांकडे जमा केली. कर्ज द्यायच्या लायकीचे कोण होते, हे त्या दिवशी जगाने पाहिले.

कळावे.

आणि वाचकहो, उद्या दुसरा एखादा शेजारी दारात आला, तर हात आखडता घेऊ नका. पण आपल्या सरकारला तीन प्रश्न जरूर विचारा: पैसा कशावर खर्च होणार, कोणत्या वाटेने जाणार, आणि त्याचा हिशेब तिथल्या जनतेपुढे कधी मांडला जाणार? नोव्हेंबर २०२३ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गोटाबाया, महिंदा आणि बासिल यांना या आर्थिक संकटासाठी जबाबदार धरले. कर्ज फेडते आहे ती मात्र तिथली जनता. म्हणून कर्ज द्यावे ते त्या जनतेला, तिच्यावर राज्य करणाऱ्या घराण्याला नव्हे.