नियमानुसार अशुद्ध

कंट्री संगीत हे अमेरिकेच्या दक्षिणेकडील कष्टकऱ्यांचे संगीत. १९२७ च्या उन्हाळ्यात टेनेसी आणि व्हर्जिनिया यांच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावी राल्फ पीअर याने कार्टर कुटुंबाचा आणि रेल्वेत ब्रेक्समनची नोकरी केलेल्या जिमी रॉजर्सचा आवाज तबकडीसाठी मुद्रित केला, आणि या गाण्यांचा धंदा मार्गी लागला. त्यातले विषय ठरलेले असतात : आई, आगगाडी, ट्रक, तुरुंग, पाऊस आणि दारू. १९७५ साली डेव्हिड ॲलन को या गायकाने यांतले सगळे एकाच गाण्यात कोंबून दाखवले. हा माल कोणत्याही देशात मिळत असल्यामुळे परदेशी गायकाचे विषयावाचून अडत नाही. अडते ते इंग्रजीपाशी, आणि तेही उलट्या बाजूने.

इंग्रजी ज्याची मातृभाषा नाही, त्याने ती शाळेत बाकावर उभे राहून मिळवलेली असते. 'शी' नंतर 'डझन्ट' येते, एका वाक्यात दोन नकार येत नाहीत, 'एन्ट' हा शब्द पेपरात लिहिल्यास गुण कापले जातात, हे त्याला झोपेतही पाठ असते. कंट्री गायला लागताच हे सारे मोडावे लागते. नायिका 'डोन्ट' करते, नकार जोडीने येतात आणि 'एन्ट' पावलोपावली भेटतो.

आता चुकाच करायच्या तर परदेशी गायकाकडे त्यांचा स्वतःचा भरपूर साठा असतो. पण तो तेथे चालत नाही. बायको सोडून गेल्याचे दुःख सांगताना 'माय वाइफ इज गॉन टू हर मदर्स प्लेस ओन्ली' असे गाणाऱ्याबद्दल कोणाच्याही डोळ्यांत पाणी येत नाही. आले तर हसून येते. चुका करण्यालाही वारसाहक्क लागतो.

उच्चारांचे तेच. दक्षिणेत 'टाइम'चा 'टाऽम' आणि 'राइड'चा 'राऽड' होतो. 'पिन' आणि 'पेन' एकसारखे ऐकू येतात. संदर्भावरून टोचते ती पिन. 'वॉटर'मधला 'ट' मऊ पडून 'ड'कडे झुकतो. मराठी 'ट' मात्र टाळूवर आपटल्याशिवाय समाधान पावत नाही, आणि इंग्रजीतली 'व्ही' व 'डब्ल्यू' ही दोन स्वतंत्र बिऱ्हाडे मराठीत एकाच 'व'च्या खोलीत राहतात. गाणे देवनागरीत वहीवर उतरवून घेणाऱ्याचा 'व्हिस्की'वर नेमका घोळ होतो, आणि तो शब्द टाळून कंट्री गाता येत नाही.

यॉडल हा पुढचा टप्पा. छातीतला आवाज एकदम मोडून डोक्यातल्या आवाजात नेणे, आणि हा सांधा मुद्दाम ऐकवणे, म्हणजे यॉडल. ख्यालगायकीत हाच सांधा बुजवण्यासाठी गुरू वर्षानुवर्षे खर्ची घालतात. रॉजर्सने यॉडलवरच नाव कमावले. येथे इंग्रजी मातृभाषा असण्याचा काडीचा उपयोग नाही. आल्प्समधल्या स्विस गुराख्यालाच काय ती जन्मजात सवलत.

तरीही माणसे गातात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याच्या रेडिओवरून ही गाणी जपानी घरांत शिरली. कुमामोतोच्या चार्ली नागातानीने १९८९ पासून आसो ज्वालामुखीच्या परिसरात कंट्रीचा महोत्सव भरवला आणि स्वतः कंट्रीची राजधानी असलेल्या नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या मंचावर जाऊन गायला. डेहराडूनचा बॉबी कॅश ऑस्ट्रेलियातल्या टॅमवर्थच्या कंट्री महोत्सवात पोचला.

ज्यांना चुका जमत नाहीत, त्यांच्यासाठी जिम रीव्हज आहे. टेक्ससचा हा गायक आधी रेडिओवर निवेदक होता. १९५७ च्या 'फोर वॉल्स'मध्ये तो मायक्रोफोनला जवळजवळ ओठ लावून हळू गायला, आणि प्रत्येक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा स्वच्छ निघाला. नॉर्वेपासून केरळपर्यंत तो लाडका झाला. गोव्यात आणि वांद्र्यात त्याच्या गाण्यांशिवाय नाताळ साजरा झाल्यासारखा वाटत नाही, असे मानणारी घरे आहेत. रीव्हजने उलट दिशेची परीक्षाही दिली : तो आफ्रिकान्स भाषेतही गायला. म्हणजे परक्या भाषेत विरह गाण्याचे धाडस एकतर्फी नाही.

ज्यांची मातृभाषा इंग्रजी, तेही सगळे या अशुद्धाचे जन्मजात वारस नसतात. कंट्री गायक कीथ अर्बनचा जन्म न्यूझीलंडचा, वाढ ऑस्ट्रेलियातली. त्याचे बोलणे एका खंडातले आणि गाणे दुसऱ्यातले. केंब्रिजमध्ये जन्मलेल्या आणि मेलबर्नमध्ये वाढलेल्या ऑलिव्हिया न्यूटन-जॉनला १९७४ साली कंट्रीची सर्वोत्कृष्ट गायिका ठरवले, तेव्हा नॅशव्हिलच्या काही कलावंतांनी संतापून वेगळी संघटनाच काढली.

हक्काच्या या वादाचा निकाल भूगोलाने लावला आहे. 'टेक मी होम, कंट्री रोड्स' हे गाणे १९७१ साली गाजले. वेस्ट व्हर्जिनियाच्या ओढीचे हे गाणे लिहायला घेणाऱ्या बिल डॅनॉफने तोवर ते राज्य पाहिलेले नव्हते. त्यात आलेला ब्लू रिज डोंगर आणि शेनँडोआ नदी वेस्ट व्हर्जिनियाला जेमतेम शिवतात; नदी तर बहुतांशी शेजारच्या व्हर्जिनियात आहे. २०१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने ते आपले अधिकृत राज्यगीत म्हणून स्वीकारले. न पाहिलेल्या गावाची ओढ सुरात लागली, तर शेजाऱ्याची नदीही सरकारदरबारी आपल्या नावावर चढते. 'व्हिस्की'तल्या 'व'चे प्रकरण त्यापुढे किरकोळ आहे.