भ्रमनिरास रीतसर कसा करून घ्यावा

भ्रमनिरास व्हायचाच असेल तर तो रीतसर व्हावा. मेहकरच्या जुन्या शिवसैनिकाला त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. लागणारं सगळं साहित्य गावातच मिळतं.

आधी भ्रम पुरेसा जुना आहे ना, ते तपासावं. प्रतापराव जाधव 1995, 1999 आणि 2004 असे तीनदा इथून आमदार झाले. 2009 ला बुलडाणा लोकसभा खुली झाली आणि मेहकर विधानसभा राखीव. जाधव दिल्लीला गेले, संजय रायमूलकर मुंबईला. तेही सलग तीनदा. इतकी वर्षं धनुष्यबाणापुढचं बटण डोळे मिटून दाबलेलं असलं की पुढचं काम सोपं जातं.

मग दुखावल्याची तारीख ठरवावी. बहुतेकांची गडबड इथेच होते. नोव्हेंबर 2019 धरली, तर जिच्याविरुद्ध भिंती रंगवल्या त्या काँग्रेसच्या मांडीला मांडी लावून उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले. जून 2022 धरली, तर रायमूलकर एकनाथ शिंदेंसोबत फुटून गेले आणि जुलैत जाधवही. दोन्ही तारखा धरणाऱ्याला टपरीवर कोणी चहा पाजत नाही. म्हणून एकच निवडावी. दुसरीला ‘नाइलाज’ म्हणावं.

तत्त्व कुठे गेलं, हे विचारत बसू नये. चिन्ह कुठे गेलं, ते विचारावं. त्याचं उत्तर कागदोपत्री मिळतं. 17 फेब्रुवारी 2023 ला निवडणूक आयोगाने डोकी मोजली: 55 पैकी 40 आमदार, 18 पैकी 13 खासदार. नाव आणि धनुष्यबाण शिंद्यांकडे गेले. ‘ऐंशी टक्के समाजकारण’ शिकलेल्याला टक्केवारीचं हे गणित जड जाऊ नये.

मनगटावरचं शिवबंधन मात्र नाजूक प्रकरण. विटलेला धागा तोडला तर गद्दार, ठेवला तर “कोणत्या शिवसेनेचा?” असं विचारणारे भेटतात. लांब बाह्यांचा शर्ट घालावा.

राग मतयंत्रात कसा उतरवावा, याचा नमुना 2024 ने घालून दिला आहे. जाधव 29,479 मतांनी चौथ्यांदा खासदार झाले, केंद्रात राज्यमंत्रीही झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात रायमूलकर पाच हजारांहून कमी मतांनी पडले. ठाकरेंच्या मशालीवर निवडून आले ते सिद्धार्थ खरात, त्याच वर्षी मंत्रालयातली नोकरी सोडून पक्षात आलेले. सतरंज्या उचलण्यात उमेद घालवलेल्या निष्ठावंताने यावर चिडू नये. पुढच्या सभेलाही सतरंज्या लागतीलच. कुणाच्या मांडवात टाकायच्या, एवढं फोन लावून आधी विचारून घ्यावं. दोन्हीकडे फोन ‘जय महाराष्ट्र’ म्हणूनच उचलतात.