आजी, जरा समोर बस

आमची आजी गेली. तेरवीला हार घालायला फोटो हवा होता. अख्खं घर धुंडाळलं, तेव्हा तिचा एकटीचा एकच फोटो निघाला: आधार कार्डावरचा. साखरखेर्ड्याच्या स्टुडिओवाल्यानं तो मोठा केला, मागे निळा पडदा टाकला, पुसट झालेलं कुंकू पुन्हा लाल केलं. पण डोळ्यांतलं बावरलेपण तसंच राहिलं. "मान वर करा, हलू नका" असं कोणीतरी दटावलेलं त्या चेहऱ्यावर अजून दिसतं. शेजारच्या फोटोत आजोबा मात्र फेटा बांधून, काठी धरून, खुर्चीत ऐसपैस बसलेले.

चेहरा न उरण्याची ही गोष्ट फक्त आमच्या घरची नाही. आपलं गाव सिंदखेडराजा तालुक्यातलं, आणि सिंदखेडराजा म्हणजे जिजाऊंचं माहेर. दर 12 जानेवारीला, जिजाऊ जयंतीला, आपण तिथं जातो, तसबीर घेऊन येतो. ती तसबीर चित्रकाराच्या कल्पनेतली. खुद्द शिवरायांच्या नावानं कितीतरी वर्षं भलत्याच माणसाचं, इब्राहिमखानाचं, चित्र छापलं जात होतं. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्र्यांनी 1933 मध्ये डचांकडचं खरं चित्र पुढे आणलं, तेव्हा ती चूक सुधारली. 1724 मध्ये आपल्याच गावाजवळ निजामानं मोगल सुभेदार मुबारिजखानाला लढाईत मारलं. त्या निजामाची चित्रं संग्रहालयांत आहेत. त्या धामधुमीत लेकरं घेऊन पळालेल्या एकाही बाईचा चेहरा कुठे नाही.

चेहरा कसा जपावा, याचं एक उदाहरण दूरचं आहे. ऑस्ट्रेलियात 1921 पासून व्यक्तिचित्रांसाठी आर्चिबाल्ड पारितोषिक देतात. त्याची एक अट मला फार मोलाची वाटते: ज्याचं चित्र काढायचं, तो माणूस चित्रकारासमोर निदान एकदा तरी बसलेला असला पाहिजे. फोटोवरून उतरवलेलं चालत नाही. कोणाला समोर बसवायचं म्हणजे त्याच्यासाठी वेळ काढायचा, त्याच्याकडे नीट बघायचं. आमच्या आजीला उभ्या आयुष्यात असं कोणी बसवलं नाही. मीही नाही. खिशात मोबाईल असून नाही.

तुमच्या घरी आजी असेल तर या रविवारी तिला ओसरीवर, तिच्या नेहमीच्या जागी बसवा. आवडीचं लुगडं नेसू द्या. घाई करू नका, तिला बोलू द्या आणि बोलता बोलता फोटो काढा. तो मोबाईलमध्ये ठेवू नका, छापून घ्या. मागे तिचं नाव, माहेरचं गाव आणि तारीख लिहा. आधार कार्डावरचा फोटो सरकारसाठी असतो. घरासाठीचा आपणच काढायचा असतो, आणि तो ती असतानाच.