हॅकर: एक उचापती

हॅकर हा मूळचा चोर नव्हे, उचापती. बरी चाललेली वस्तू उघडून पाहिल्याशिवाय त्याला झोप येत नाही आणि उघडल्यावर तर मुळीच येत नाही. त्याचे आजोळ म्हणजे अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतला खेळण्यातल्या आगगाड्यांचा क्लब, टेक मॉडेल रेलरोड क्लब. क्लबात दोन पंथ होते. एक डबे रंगवणारा, झाडे-डोंगर मांडणारा, सोवळा. दुसरा टेबलाखालचा, म्हणजे सिग्नल आणि वीज सांभाळणाऱ्या उपसमितीचा. वर गाडी गुमान फिरत असताना ही मंडळी खाली उताणी पडून टेलिफोनच्या रिलेंची जोडणी बदलत. गाडी कुठे पोचते याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. रूळ कसा बदलतो, यावर त्यांचा जीव.

इंग्रजीत ‘हॅक’ म्हणजे वेडेवाकडे घाव घालणे. एमआयटीतल्या पोरांनी तो शब्द आपल्या उद्योगांना लावला. एप्रिल १९५५ मधल्या क्लबच्या इतिवृत्तात एक विनंती नोंदलेली आहे: विजेच्या जोडणीवर ‘हॅकिंग’ करणाऱ्यांनी आधी वीज बंद करावी, फ्यूज उडतो. या अर्थाच्या अगदी जुन्या लेखी दाखल्यांपैकी हा एक, आणि तोही तक्रारवजाच. १९५९ मध्ये क्लबातल्याच पीटर सॅमसनने तिथल्या बोलीचा छोटा कोश केला. त्यात विधायक हेतू नसलेला उद्योग, असाही ‘हॅक’चा एक अर्थ आहे. घरोघरच्या आया पोरांना हेच ऐकवतात. इथे पोरांनी ते स्वतःच लिहून ठेवले.

मग संस्थेत संगणक आले आणि माकडाच्या हाती कोलीत मिळाले. दिवसा यंत्र शहाण्यांचे, रात्री यांचे. सुमारे १,२०,००० डॉलरच्या पीडीपी-१ या संगणकावर यांनी मजकूर टंकण्याची सोय केली आणि तिचे नाव ठेवले ‘महागडा टाइपरायटर’. एकाने ‘महागडा कॅल्क्युलेटर’ बनवून त्यावर गृहपाठ केला. संगणक वापरला म्हणून प्राध्यापकांनी शून्य गुण दिले. १९६२ मध्ये स्टीव्ह रसेल आणि मित्रांनी ‘स्पेसवॉर’ हा खेळ रचला. यंत्राची बटणे दाबून कोपरे दुखू लागली, तेव्हा रेल्वे क्लबातल्या सुट्या भागांतून खेळ चालवायची वेगळी पेटी बनली. कोपरे दुखतात म्हणून खेळ थांबवावा, हे कुणालाच सुचले नाही.

बदनामी तशी लवकरच आली. १९६३ मध्येच एमआयटीच्या विद्यार्थी वृत्तपत्रात टेलिफोन यंत्रणेत घुसणाऱ्या ‘हॅकरां’ची बातमी झळकली. १९८३ च्या ‘वॉरगेम्स’ चित्रपटात एक पोरगा घरबसल्या लष्कराच्या संगणकात शिरला आणि घराघरांत हॅकर म्हणजे घुसखोर झाला. जुन्या मंडळींनी घुसखोरासाठी ‘क्रॅकर’ असा वेगळा शब्द पुढे केला. १९९३ च्या इंटरनेट शब्दसूचीतही हॅकर म्हणजे यंत्रणेचे अंतरंग जाणण्यात आनंद मानणारा, अशीच व्याख्या आहे. पण लोकांनी काही दाद दिली नाही.

मराठीतही ‘खाते हॅक झाले’ ही तक्रार आता रुळली आहे. पण गोड बोलून ओटीपी काढून घेणारा यंत्राच्या पोटात डोकावलेलाही नसतो. त्याच्यासाठी भामटा हा शब्द पुरेसा आहे.