परक्याचं धन

आमच्या सोसायटीत सकाळी साडेसहाला दोनच आवाज येतात. एक पाण्याच्या मोटरचा, दुसरा तात्यांच्या फडक्याचा. तात्या बँकेतून निवृत्त झाले, तेव्हाच त्यांच्या गाडीनंही स्वेच्छानिवृत्ती घेतली असावी. गाडी चौदा वर्षांची, चाललेली एकवीस हजार किलोमीटर. भागाकार केला तर दिवसाला चार किलोमीटर. तात्या स्वतः रोज टेकडीवर जाऊन-येऊन पाच चालतात.

मागच्या सीटवरचं शोरूमचं प्लास्टिक अजून तसंच आहे. उन्हाळ्यात त्यावर बसलेल्या माणसाला उतरताना सोलून काढावं लागतं. तात्यांना विचारलं, तर ते थंडपणे सांगतात, “रीसेलला बरं पडतं.”

या तीन शब्दांवर मराठी मध्यमवर्गाचं सगळं गाडीप्रेम उभं आहे. आवडला होता निळा रंग, घेतली पांढरी. का? रीसेलला बरी. आत टेप नाही लावला. का? वायरी कापल्या तर रीसेलला वाईट. कोकणात बसनं गेलो, कारण खाऱ्या हवेनं पत्रा गंजतो आणि गंजका पत्रा कुणी घेत नाही. मुलीला परक्याचं धन म्हणायचं आपण शिकून-सवरून सोडलं. पण इतका जुना शब्दप्रयोग वाया घालवणं पुणेकराच्या स्वभावात नाही, म्हणून तो गाडीला लावला. आपण गाडी घेतो ती स्वतःसाठी नाही. कुठल्यातरी गावी एक अनोळखी गृहस्थ आहेत, आपल्यानंतर ते ती घेणार आहेत. त्यांची ठेव म्हणून आपण ती दहा-बारा वर्षं सांभाळतो, विमा भरतो, धुतो, आणि होता होईतो चालवत नाही.

तात्या जुन्या वळणाचे म्हणून सोडून देऊ. माझा भाचा नव्या वळणाचा आहे, हिंजवडीत नोकरीला. तो गाडीला गाडी म्हणत नाही, ‘मशीन’ म्हणतो. टॉर्क, टर्बो लॅग, बॉडी रोल असं तो जेवतानाही बोलतो. त्याच्या मशीनचा सगळा टॉर्क रोज सकाळी भूमकर चौकात पहिल्या गिअरमध्ये पन्नास मिनिटं उभा असतो, ही गोष्ट वेगळी. रविवारी पहाटे पाचला तो ‘ड्राइव्ह’ला जातो. म्हणजे ताम्हिणीपर्यंत जायचं, मिसळ खायची आणि दहाच्या आत परत येऊन गाडी धुवायची. मिसळ अर्थातच गाडीबाहेर उभ्यानं खायची. गाडीत खाणं, पिणं आणि बूट घालून बसणं वर्ज्य आहे.

गाडी घेतली त्या दिवशीची पूजा मला आठवते. गुरुजींनी बॉनेटवर स्वस्तिक काढायला बोट कुंकवात बुडवलं आणि भाचा किंचाळला, “काचेवर! काचेवर काढा! क्लिअर कोट जाईल!” गुरुजी म्हणाले, “बरं, नारळ तरी फोडायचा ना?” तर नारळ पंधरा फुटांवर नेऊन फोडला, पाणी उडू नये म्हणून. नंतर गाडीवर सिरॅमिक कोटिंग झालं. कोटिंगला ओरखडा पडू नये म्हणून त्यावर पारदर्शक फिल्म आली, आणि फिल्मवर धूळ बसू नये म्हणून सगळ्यावर कव्हर. आमच्या आजीचं सोवळं एकपदरी होतं.

याच भाच्यानं मला इंजिन ऑइलचं शास्त्र शिकवलं. त्याच्या डब्यावर ‘५डब्ल्यू-३०’ लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. उणे तीस अंशांतसुद्धा इंजिन फिरावं, इतकं हे तेल पातळ राहतं. पुण्यात पारा आठावर आला की पेपरात पहिल्या पानावर शेकोटीचा फोटो येतो. तरीही या तेलावरून तो आणि त्याचे मित्र ज्या त्वेषानं भांडतात, तो बघून वाटतं, मंडळी उद्या सैबेरियाला निघालीत. टायरचंही तसंच. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३२४ असेल तर तो २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात जन्मला. नवा टायर घेताना भाचा दुकानात उकिडवा बसून आधी ही पत्रिका बघतो. मग त्यात नायट्रोजन भरतो. आपल्या साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, आणि पेट्रोल पंपावर ती फुकट मिळते. उरलेल्या बावीस टक्क्यांच्या शुद्धीकरणासाठी तो चाकामागे पैसे मोजतो.

हल्ली त्याला नवी चिंता लागली आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांशानं कमी. त्यामुळे अ‍ॅव्हरेज पडणार. मी म्हटलं, “बाबा रे, ऊस खाऊन चालणारी गाडी आहे. उद्या घाटात बसून एफआरपी मागितली नाही म्हणजे मिळवलं.” तो हसला नाही. अ‍ॅव्हरेजवर विनोद केलेला गाडीवाल्यांना खपत नाही.

या अ‍ॅव्हरेजचं मूळ आमच्या कोथरूडमध्येच आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. वेताळ टेकडीच्या अंगाला एआरएआय ही संस्था आहे, १९६६ सालापासून. देशातल्या कितीतरी गाड्यांचं मायलेज इथं प्रमाणित झालेलं आहे. ते कसं मोजतात? गाडी एका खोलीत रोलरवर उभी करतात. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. १,१८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांना वीस सेकंद कमी, ठरावीक वेगानं ती ‘चालवतात’. जास्तीत जास्त वेग ताशी ९०, एसी बंद. समोर रिक्षा नाही, खड्डा नाही, उलट्या दिशेनं येणारी स्कूटर नाही, आणि “जरा थांब, कोथिंबीर घेते” म्हणणारं शेजारच्या सीटवर कुणी नाही. खाली दोन किलोमीटरवर पौड रस्ता आहे. तो टाळून पुण्यात गाडी चालवायची एकच जागा आहे, आणि तिथं गाडी हलत नाही. तात्यांच्या अंगी हे शास्त्र उपजत असावं.

गाडी उभी असली तरी तिचं सर्व्हिसिंग चुकत नाही. पहिल्या तीन सर्व्हिस फुकट असतात. फुकट असते ती मजुरी; तेल, फिल्टर, वॉशर आणि ‘कन्झ्युमेबल्स’ नावाची जी मोघम वस्तू असते, ती विकतची. मागच्या खेपेला माझ्या गाडीबद्दल सल्लागार म्हणाला, “सर, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसीची कॉइल आणि बुडाला अँटी-रस्ट करून घेऊ या.” त्याचा स्वर आयसीयूबाहेरचा होता. नातेवाईक म्हणून मी सही केली. त्यापेक्षा नाना पेठ परवडली. तिथं स्पेअर पार्ट मागितला की दुकानदार सरळ विचारतो, “ओरिजिनल देऊ का चांगला देऊ?”

विम्याची गंमत त्याहून मोठी. विमा कंपनी गाडीची जी किंमत धरते, ती पहिल्या सहा महिन्यांत पाच टक्क्यांनी उतरते, वर्षाच्या आत पंधरा आणि पाच वर्षं होईतो निम्म्यावर येते. आपल्या मुलांचंही इतकं स्पष्ट कोष्टक कुणी दिलं असतं, तर क्लासच्या फिया भरताना विचार केला असता. क्लेमच्या वेळी तर तत्त्वज्ञानच बदलतं. साध्या पॉलिसीत रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा, काचेवर शून्य. प्लास्टिक शेकडो वर्षं कुजत नाही, म्हणून शाळेतली पोरं फलक घेऊन फेऱ्या काढतात. विम्याच्या दप्तरी मात्र बंपर पहिल्याच दिवशी निम्मा संपलेला असतो, आणि काच अजरामर.

हे सगळं ऐकून बी विंगमधले साहेब आमच्याकडे कीव आल्यासारखं बघतात. त्यांची गाडी लीजची. पगारातून हप्ता परस्पर वळता होतो, विमा-सर्व्हिसिंग त्यातच, चार वर्षांनी गाडी परत द्यायची आणि नवी आणायची. “मालकी ही जुनी कल्पना आहे हो,” असं ते लिफ्टमध्ये सांगतात. त्यांनी गाडी निवडली ती इंजिनाचा आवाज ऐकून नव्हे. कंपनीनं दिलेली गाडी १६०० सीसीपर्यंतची असली, की करासाठी तिची ‘सुविधा’ कित्येक वर्षं महिना फक्त १,८०० रुपये धरली जायची. ‘टॉर्क किती’ म्हणून भाचा विचारतो, तेव्हा ते ‘स्लॅब कुठला’ असं विचारतात. मला वाटलं, हा एक माणूस तरी मोकळा सुटला. गाडी आपली नाही, तर चालवा हवी तशी. पण नाही. करारात वर्षाला अमुक किलोमीटरची मर्यादा आहे, वर गेलं की जादा पैसे. आणि परत देताना ओरखडे मोजले जातात. त्यामुळे साहेब परवा त्यांच्या पुतण्याच्या लग्नाला नाशिकला रेल्वेनं गेले. गाडीवर कव्हर होतं.

आणि आता तर गाडीचे अवयवही सुटे झाले आहेत. सप्टेंबर २०२४मध्ये एमजी विंडसर ही विजेवरची गाडी आली, तेव्हा तिची सुरुवातीची किंमत होती ९.९९ लाख रुपये, बॅटरी वगळून. बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये. व्यवहार म्हणून यात वावगं काही नाही. शेगडी आपली आणि सिलिंडर कंपनीचा, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलोच आहोत. पण तात्यांनी हे ऐकलं आणि त्यांचे डोळे चमकले. “म्हणजे उभी ठेवली तर साडेतीन रुपये वाचतात,” ते म्हणाले, “किलोमीटरमागे!”

मी इतरांना हसतोय, पण माझं काही वेगळं नव्हतं. माझी गाडी २०१३ची, बारा वर्षांत एकतीस हजार किलोमीटर. सीटवर प्लास्टिक, पुढच्या कप्प्यात पेट्रोलची वही. तारीख, लिटर, रुपये, मीटर, अ‍ॅव्हरेज, अशी एकही नोंद न चुकवलेली. गेल्या वर्षी गणपतीनंतर विकायला काढली. आणि २२ सप्टेंबर २०२५ला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, सरकारनं छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आणला. नवी गाडी स्वस्त झाली, त्यामुळे माझ्या जुन्या गाडीला विचारणारे फोन थांबले. बारा वर्षं जपलेलं धन, आणि मुहूर्त हा.

शेवटी नारायणगावहून एक तरुण शेतकरी ‘बघायला’ आला. घरात कांदेपोहे झाले. मी जाहिरातीतली भाषा पाठ केली होती : सिंगल हँड, इंजिन पॅक, पेपर क्लिअर, एक रुपयाचं काम नाही. त्यानं दारं उघडून-मिटून पाहिली, बॉनेट उचललं, “रेस द्या” म्हणाला, मी दिली. मग आत वाकून मीटर बघितला आणि बराच वेळ गप्प राहिला.

“काका,” तो म्हणाला, “मीटर कितींदा मागं फिरवलाय?”

मी हादरलो. बारा वर्षांचं ब्रह्मचर्य, आणि चारित्र्यावर संशय! मी धावत जाऊन वही आणली. प्रत्येक टाकीची नोंद, बघ म्हटलं. त्यानं चार पानं उलटली, प्रकाशात धरली.

“शाई सगळीकडं एकच आहे,” तो म्हणाला. “एका बैठकीत लिहिलीत ना?”

आता त्याला काय सांगणार, की पुण्यात एक पेन बारा वर्षं पुरतं आणि मी रिफिल एकाच दुकानातून घेतो? त्याचंही चूक नव्हतं. बाजारात मीटर मागे फिरवणारे पैशाला पासरी आहेत, आणि गाडी घेऊन ती न चालवणारे लोक असू शकतात, हे त्याच्या कल्पनेबाहेरचं होतं. त्याला कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी ठाऊक होती. त्याचा चुलता मुंबईला टॅक्सीवर होता. तिथली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये, वीस वर्षांची मुदत संपल्यावर उतरली. तिच्यावर कोटिंग नव्हतं, टपावर मात्र रोज कुणाची ना कुणाची वळकटी होती. त्याच्या हिशेबात गाडी म्हणजे ते. संशयाचे म्हणून त्यानं वीस हजार कमी केले. मी दिली.

पंधरा दिवसांनी त्याचा फोटो आला. गाडी नारायणगावच्या बाजारात. मागची सीट पाडलेली, आत टोमॅटोचे क्रेट छतापर्यंत. टपावर कॅरियर, बॉनेटवर हळदी-कुंकवाचं हे एवढं स्वस्तिक, थेट पत्र्यावर. पुढच्या सीटवर दोन पोरं, हातात वडापाव. आणि माझं प्लास्टिक, बारा वर्षं जपलेलं, एका क्रेटवर पावसासाठी पांघरलेलं. खाली लिहिलं होतं : ‘काका, गाडी लई भारी. दोन हजार झाले.’

मी फोटो तात्यांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, फोटो बोटांनी मोठा केला, पोरं बघितली, वडापाव बघितला, टोमॅटो बघितले.

“संपली,” ते म्हणाले. “आता हिला रीसेल नाही.”

आणि फडकं पिळायला गेले.