वाडीतला खराटा

दिवेआगरच्या आमच्या वाडीत केर काढणं म्हणजे माडाशी हुज्जत घालणं. काकूचं अंगण झाडून झालं, तिची पाठ वळली, की वरून एखादी झावळ सुस्कारा सोडल्यासारखी खाली येते. गंमत अशी, की काकूच्या हातातला खराटाही त्याच माडाच्या हिरांचा. केरही तोच देतो आणि केरसुणीही. भांडणाचं सामान दोन्ही बाजूंना एकाच दुकानातून. पोफळींवर मात्र काकूचा राग टिकत नाही. लहानपणी पोफळीची विरी पडली की आम्ही एकाने तिच्यात बसायचं, दुसऱ्याने ओढायचं. नुकत्याच झाडलेल्या अंगणात खराट्याच्या रेघा ओहोटीनंतरच्या वाळूसारख्या उमटलेल्या असत आणि आमची गाडी त्यांच्यावरून जाई. काकू ओरडे, पण गाडी विहिरीपर्यंत पोचल्यावर.

२०२० साली टाळेबंदीत मी तिथेच अडकलो होतो. ३ जूनच्या दुपारी निसर्ग वादळ आलं. असलं नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं कोण जाणे! ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा. पोफळ एरवी वाऱ्यापुढे लवून वेळ मारून नेते, पण त्या दिवशी लवायलाही उसंत नव्हती. संध्याकाळी पाहिलं, तर पंगत उठल्यावर सगळ्यांनी एकाच कुशीवर आडवं व्हावं तशा पोफळी निजलेल्या.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती खर्र खर्र आवाजाने. पडवीवरची कौलं गेलेली, विहिरीवर आंब्याची फांदी, आणि काकू झाडत होती. आडव्या माडापर्यंत झाडत गेली, वळसा घालून पलीकडून रेघ पुढे सुरू केली.

“काकू, अगं आता हे कशाला?”

“माड उचलायला चार माणसं लागतील. केर मला एकटीला निघतो.”

उरल्या अकरा पोफळी. पोफळी एकमेकींच्या सावलीत वाढलेल्या. शेजारीण गेली की दुपारचं तिरपं ऊन थेट बुंध्यावर येतं, साल भाजते, तडकते. पावसाळा सरला, ऑक्टोबरचं ऊन तापलं, तेव्हा काकूने एकेकीला नैर्ऋत्येच्या बाजूने झावळ्या बांधायला घेतल्या. सुंभाची गाठ मारताना बोट आत घालून बघायची, फार आवळलं तर नाही ना. दहा झाल्या आणि धड झावळ्या संपल्या. वाडीभर झावळ्यांचा खच पडला होता तेव्हा तिनेच त्या हौसेने बंबात घातल्या होत्या. मग ट्रंकेतून काकांचं जुनं धोतर निघालं. काका जाऊन नऊ वर्षं झाली होती. रस्त्यालगतची ती अकरावी पोफळ धोतर नेसून उभी राहिली, काकांसारखीच किडकिडीत, जराशी कललेली.

देवळाकडे निघालेला कोणी पाहुणा गडग्यापाशी थांबला, चपला काढून नमस्कार करून गेला. सकाळी काकूला बुंध्याशी एक रुपया दिसला. तिने तो उचलला नाही. त्याच्या भोवतीने नीट झाडून घेतलं.