कुंपणावरचं कोर्ट मार्शल

"काहून ताई, तुमचा पोरगा काल गच्चीवरून कोणाले सांगून राह्यला होता, आझाद हिंद फौजवाले जपान्यांचे हस्तक होते म्हणून?"

मेंदीचं कुंपण कापायची कात्री काकाजींच्या हातात होती. कामठीतून रिटायर झालेले सुभेदार. कुंपण काय अन् माणूस काय, वाकडं वाढलेलं त्यांना चालत नाही. मी म्हटलं, मित्राशी फोनवर वाद चालला होता, तुम्ही कान कशाला दिले?

"कान कशाले देतो? अर्ध्या सदरले ऐकू आलं. त्याले विचारा, जगन्नाथराव भोसले माहीत हायेत का? सावंतवाडीकडच्या तिरोड्याचे. सँडहर्स्टमधून अफसर होऊन आले, गढवाल रायफल्समध्ये लेफ्टनंट कर्नल. त्या काळात हिंदी पोराले सँडहर्स्ट म्हणजे खायचं काम होतं का? 15 फेब्रुवारी 1942 ले सिंगापूर पडलं. दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर आपले हजारो जवान बसवले अन् इंग्रजांनी त्यांले जपान्यांच्या हवाली करून टाकलं. मेजर फुजिवाराले! तो म्हणे, मी देतो यांले मोहनसिंगांच्या हाती. मोहनसिंग तेव्हा कॅप्टन."

"कॅप्टन?" काकू सुपात तांदूळ घेऊन ओट्यावर आल्या. "म्हणजे कर्नलसाहेब कॅप्टनच्या हाताखाली?"

"हो ना बाप्पा! फौजेत याच्यापेक्षा मोठं दुखणं नसते. कॅप्टन झाला आझाद हिंद फौजेचा जनरल, अन् भोसल्यांनी त्याची फील्ड फोर्स सांभाळली. कसं गिळलं असेल ते त्यांचं त्यांले ठाऊक."

काकूंना पुढचंही माहीत होतं, हे मला नवीन. "डिसेंबरात मोहनसिंगांचं जपान्यांशी फाटलं. आम्हाले बरोबरीनं वागवत नाही म्हणाले, तं जपान्यांनी त्यांले अटक केली. अन् तुमचे भोसले राह्यले. तिथंच मले शंका येते."

"राह्यले म्हणूनच जुलै 1943 मध्ये सुभाषबाबू आले तं हाती फौज होती ना! 21 ऑक्टोबरले आझाद हिंद सरकार झालं, त्यात भोसले होते."

मी विचारलं, मग इंग्रजांनी काय केलं? काकाजींनी कात्री बाजूला ठेवली. युद्ध संपल्यावर फौजेतून परत आलेल्यांचे तीन ढीग केले म्हणे : पांढरे, करडे, काळे. धान्य निवडावं तसे. लाल किल्ल्यात शाहनवाज, सहगल, ढिल्लन या फौजेच्या अफसरांवर खटला; बचावाला मुंबईचे भुलाभाई देसाई. जन्मठेप झाली, पण 3 जानेवारी 1946 ला सरसेनापती ऑकिनलेकनी ती माफ केली.

"सगळंच माफ?"

"नोकरी गेली, पगार बुडाला. अन् स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारनं तरी कुठं फौजेत परत घेतलं? भोसले मात्र 1952 ले रत्नागिरीतून खासदार झाले, पुनर्वसन खात्याचे उपमंत्री. निर्वासितांच्या पोरांसाठी 1954 ले शिस्तीची योजना काढली, कवायत करून घेतली."

काकूंना हसू आवरेना. "इंग्रजांच्या लेखी बेशिस्त, अन् इथं शिस्तीचा मास्तर!"

मग मीच कॅप्टन अन्सारींचं नाव काढलं. मतीन अहमद अन्सारी, राजपूत रेजिमेंटचे, हाँगकाँगला कैद. निजामाच्या नात्यातले, म्हणून हा तरी आपल्याकडे वळेल असं जपान्यांना वाटलं. नाही वळले. उपाशी ठेवलं, हाल केले, ऑक्टोबर 1943 मध्ये शिरच्छेद केला. मागाहून जॉर्ज क्रॉस मिळाला.

"खाल्ल्या मिठाले जागला," काकू म्हणाल्या.

"अन् भोसले नाही जागले? मीठ पिकलं कुठं होतं? इंग्लंडात?" काकाजींचा आवाज आता गच्चीपर्यंत गेला होता.

"मग अन्सारी चुकला म्हणता?"

"असं कवा म्हटलं मी?" त्यांनी पुन्हा कात्री उचलली, दोन फांद्या नको तिथं कापल्या. "तुमच्या पोराले संध्याकाळी पाठवा. भोसले तुम्ही सांगा त्याले, अन्सारी मी सांगतो."